दाणा कुणी धरला

उज्ज्वला मगदूम यांचा ब्लॉग साखरधंद्याचा अधिकृत इतिहास म्हणून मंजूर झाला आणि अण्णाप्पा चौगुले साखर कारखान्यात कधी कामाला नव्हते, असे झाले.

निर्णय तसा सगळ्याच धंद्यांना लागू होता. प्रत्येक धंद्याचा इतिहास लिहून घ्यायला सरकारकडे माणसे नव्हती, आणि धंद्यातली माणसे तर वर्षानुवर्षे आपापल्या ब्लॉगवर आपण होऊन लिहीत आलेली. तेव्हा ज्या त्या धंद्यातला एकेक ब्लॉग निवडावा, त्यात जे असेल ते घडले आणि जे नसेल ते घडले नाही असे धरावे, एवढी साधी योजना होती. लोकांनीही फार खळखळ केली नाही. इचलकरंजीच्या एका दंतवैद्यांनी मधली दोन वर्षे ब्लॉगला हात लावला नव्हता. तेव्हा त्या दोन वर्षांत तिथे कुणाचा दात दुखला नाही असे ठरले आणि ज्यांचे दात त्या काळात काढले होते त्यांना ते परत आले. सांगलीच्या एका वास्तुरचनाकारांनी ब्लॉगवर फक्त स्वतःच्या सत्कारांची वर्णने लिहिली होती. त्यांनी बांधलेल्या इमारती गेल्या, सत्कार राहिले. इमारतींमधल्या बिऱ्हाडांची सोय सत्काराच्या सभागृहांत करण्यात आली.

उज्ज्वलाताई जोगेश्वरी सहकारी साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाल्या होत्या. 'दाणेदार' हा त्यांचा ब्लॉग धंद्यातली माणसे आवडीने वाचत. रस गढूळ का राहतो, पाऊस लांबला की साखरेचा उतारा का घसरतो, साखर काढून उरलेल्या मळीला वास कशाने येतो, सगळे त्यात होते. मंजुरीची बातमी आली तेव्हा त्यांना आनंद झाला, खोटे कशाला सांगा. पण आनंदापेक्षा कुतूहल जास्त वाटले. सगळा जन्म प्रयोगशाळेत गेलेला. कोणतीही गोष्ट काचेवर घेऊन उजेडाकडे धरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आता आपल्या लिहिण्यातून कारखान्याचा भूतकाळ कसकसा तयार होतो, ते बघायला त्या टपून बसल्या होत्या.

बघायला लांब जावे लागले नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णाप्पा आणि त्यांची बायको रत्नाक्का दारात येऊन उभे राहिले.

अण्णाप्पा हे कारखान्याचे निवृत्त पॅनमन, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत होते. पॅन म्हणजे आटवलेला रस उकळायचा भला थोरला बंद हंडा. आतल्या पाकात साखरेचा दाणा कधी धरतो, तो किती वाढू द्यायचा आणि कुठे आवरायचे, हे पॅनमनने ओळखायचे असते. नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, अंगठा आणि बोट यांच्यात धरून तार बघायची. दाणा हुकला की अख्खा पॅन वाया जातो. रात्रपाळीला अण्णाप्पा पॅनवर असले की उज्ज्वलाताई घरी निवांत झोपत असत.

"मॅडम, ह्यांचं नाव न्हाई म्हणं तुमच्या त्यात," रत्नाक्का चप्पल काढता काढताच म्हणाल्या.

"बसा तरी आधी."

"बसते की. पर मला एक सांगा. हा माणूस कारखान्यात न्हवता असं सरकार म्हणतंय. बरं, न्हवता. मग तीस वर्सं रात्रपाळी हाय म्हणून डबा घेऊन जात हुता, त्यो कुठं?"

अण्णाप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी खाली बघितले.

"कारखान्यातच जात हुतो असं मला वाटतंय," ते म्हणाले. "पर आता आठवाय गेलं तर दुसऱ्या कुणाचं तरी आठवल्यागत हुतंय, मॅडम."

"दुसऱ्या कुणाचं म्हंजे कुणाचं?" रत्नाक्कांनी विचारले. "तिचं नाव काय?"

हा प्रश्न चेष्टेचा होता, पण निम्माच. रत्नाक्का सरकारवर विश्वास ठेवणाऱ्या बाई होत्या. रेशन आणि मतदार यादी यांच्यात त्यांना सरकारने कधी फसवले नव्हते.

उज्ज्वलाताईंनी ब्लॉग उघडून अण्णाप्पांचे नाव शोधले. ते कुठेच नव्हते. त्यांना स्वतःलाच नवल वाटले, कारण पॅनबद्दल तर त्यांनी ढिगाने लिहिले होते. मग त्या वाचू लागल्या आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आले. 'पॅनमध्ये दाणा धरण्यात आला.' 'वाफ कमी करण्यात आली.' 'रात्री तीन पॅन यशस्वीरीत्या उतरवण्यात आले.' कारखान्याचे अहवाल लिहून लिहून त्यांच्या हाताला हे वळण पडले होते. अहवालात माणसाचे नाव घालणे बरे दिसत नाही, असे त्यांना त्यांच्या साहेबांनी शिकवले होते, आणि साहेबांना त्यांच्या साहेबांनी. नाव घालायचे ते पाहुण्यांचे. त्यामुळे 'अध्यक्ष बाबासाहेब सरनोबत यांच्या हस्ते उसाची मोळी टाकण्यात आली', 'अध्यक्षांच्या हस्ते बॉयलर पेटवण्यात आला', असे अध्यक्षांचे हात पानोपानी होते.

बाकीचे तीन पॅनमन मात्र सापडले. कारखान्याच्या व्हॉलीबॉल स्पर्धेवर उज्ज्वलाताईंनी एक हलकाफुलका लेख लिहिला होता, त्यात तिघांची नावे होती. चौथे अण्णाप्पा. ते खेळायला आले नव्हते, कारण त्या दिवशी पॅन कुणीतरी बघायला हवा होता.

आणि एक मांजर सापडले. प्रयोगशाळेत साखऱ्या नावाचा एक बोका असायचा. त्याच्यावर त्यांनी मोठ्या मायेने एक लेख लिहिला होता, आणि तिथे मात्र सगळी वाक्ये सरळ होती. साखऱ्याने नमुना चाटला. साखऱ्याने तोंड वाकडे केले. साखऱ्या निघून गेला.

बैठकीच्या खोलीत कारखान्याचा एक फोटो लावलेला होता. पॅनच्या मजल्यावर सगळ्यांना उभे करून उज्ज्वलाताईंनीच तो काढला होता. तिघेही उठून फोटोपाशी गेले. लोखंडी जिना होता, पॅन होते. मधोमध हार धरलेले दोन हात होते. अध्यक्षांच्या फक्त हातांची नोंद असल्यामुळे बाकीचे अध्यक्ष नव्हते. कडेला तिघे जण व्हॉलीबॉलच्या बनियनमध्ये उभे होते आणि पुढे साखऱ्या ऐटीत बसला होता. जिथे अण्णाप्पा उभे असल्याचे उज्ज्वलाताईंना पक्के आठवत होते, तिथे स्वच्छ फरशी दिसत होती.

"फरशी मातर चांगली आलीय," अण्णाप्पा म्हणाले.

उज्ज्वलाताईंना राहवेना. त्या स्वयंपाकघरात गेल्या, साखरेत पाणी घालून गॅसवर ठेवले आणि पाक कढत आल्यावर पळी घेऊन बाहेर आल्या.

"बघा बघू, अण्णाप्पा. कुठवर आलाय?"

अण्णाप्पांनी थेंब अंगठ्यावर घेतला आणि चटका बसून हात झटकला. या अंगठ्यावर पूर्वी भाजल्याचे घट्टे होते. उकळता पाक त्याला लागत नसे. आता अंगठा एखाद्या कारकुनासारखा मऊ होता. त्यांनी पुन्हा थेंब घेतला, फुंकर मारली, बोटात धरून ताणला आणि बराच वेळ बघत राहिले.

"गोड हाय," ते शेवटी म्हणाले.

एका साध्या पाकापुढे हा माणूस असा हरवून बसलेला उज्ज्वलाताईंना बघवेना. हरकती घ्यायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपत होती. त्यांनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि दोघांना घेऊन कोल्हापूरची एसटी धरली.

धंदे-इतिहास कार्यालय एका बियाण्यांच्या दुकानाच्या वर होते. साहाय्यक इतिहास अधिकारी केळुसकर हे गृहस्थ अतिशय सभ्य होते. त्यांनी तिघांना बसायला सांगितले, पाणी दिले आणि 'दाणेदार' समोर उघडला.

"फार नेटका ब्लॉग आहे," ते म्हणाले. "विशेषतः मांजराची नोंद. त्या हंगामातली गुणवत्ता तपासणी मांजराने केली, हे इतक्या स्पष्टपणे फार थोडे लोक लिहितात."

"मांजराचं राहू द्या," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "हे अण्णाप्पा चौगुले. आमच्याकडे तीस वर्षं दाणा हे धरत होते."

केळुसकरांनी पडद्यावर बोट ठेवले. "'दाणा धरण्यात आला' असं आपण जागोजागी लिहिलंय. तेव्हा दाणा धरला गेला, याबद्दल कार्यालयाच्या मनात शंका नाही. कुणी धरला ते आपण लिहिलेलं नाही. तेव्हा तो कुणी धरला नाही."

"दाणा आपोआप धरतो का हो?"

"ते आपल्याला जास्त माहीत असणार, आपण केमिस्ट आहात. इतिहासात तरी तो आपोआप धरतो."

"मग मी आत्ता दुरुस्त करते. ब्लॉग माझाच आहे."

"होता. आता तो इतिहास आहे. लेखकाला त्यात हात घालता येत नाही, नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीचं घडवून घेईल." केळुसकरांनी चष्मा पुसला. "मात्र वाचकाला लेखाखाली प्रतिक्रिया देता येते. मुदतीत आलेली प्रतिक्रिया लेखाचाच भाग समजतात. अट एवढीच, की ज्याच्याबद्दल हरकत आहे त्याने स्वतः लिहायचं नाही, आणि लिहिणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं."

लेखांखाली प्रतिक्रिया होत्या, नाही असे नाही. 'खूप छान माहिती मॅडम.' 'आमच्याकडे बॉयलरचे सुटे भाग मिळतील.' पण त्यात अण्णाप्पा नव्हते.

"बाकीचे पॅनमन लिहून देतील की," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "त्यांनी रोज पाळी बदलताना बघितलंय यांना."

"ते तिघे व्हॉलीबॉलपटू आहेत," केळुसकर म्हणाले. "ते पॅनच्या मजल्यावर काम करत होते असा उल्लेख नाही."

उज्ज्वलाताईंनी हात टेकले. रत्नाक्का मग खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"मी सांगते. माझं लिहून घ्या."

"आपण कारखान्यात गेला होता?"

"मी कशाला मरायला जाऊ तिथं?"

"मग आपण काय पाहिलं?"

"काय बघितलं?" रत्नाक्कांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. "हा माणूस रात्री कधीच घरात नसायचा, हे बघितलं. दिवस बुडाला की डबा घ्यायचा आणि निघायचा. पोरगी तापानं फणफणली तरी ह्यो न्हाई, चोर आला तरी ह्यो न्हाई. सकाळी यायचा तर कापडांना मळीचा वास, आणि तोंडातनं शब्द न्हाई. आडवा व्हायचा बाहेर सोप्यात. रात्री कधीच न्हाई घरात. कधीच!"

केळुसकर भराभर टाइप करत होते. टाइप करून झाल्यावर त्यांनी ते शांतपणे पुन्हा वाचले आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

"हे चालेल," ते म्हणाले. "एका बाजूला करणाऱ्यावाचून काम आहे. दुसऱ्या बाजूला कामावाचून माणूस आहे. दोन्ही रात्रीचे, आणि मळीचा वास दोन्हीकडे आहे. कार्यालय हे जोडू शकतं."

उज्ज्वलाताईंना वाटले, उठून या माणसाचा हात हातात घ्यावा. इतका स्वच्छ तर्क त्यांनी कारखान्याच्या संचालक मंडळात कधी ऐकला नव्हता.

"फक्त एक विचारायचं राहिलं," केळुसकर म्हणाले. "'कधीच' ठेवायचं का?"

"म्हंजे?"

"आपण म्हणालात, रात्री कधीच घरात नसायचे. हे ठेवलं, तर ते कधीच घरात नव्हते असं होईल. एकही रात्र."

रत्नाक्का हसल्या. "बोलण्यातला शब्द हाय ओ त्यो. असं बोलतोयच की आपण. उसाचं गळीत संपलं की उन्हाळाभर हे घरातच असायचे. गच्चीवर झोपायचो सगळी. पोरींना चांदण्या दाखवायचे, एक चांदणी म्हाईत नसायची ह्यांना, कायबी नावं सांगायचे..." बोलता बोलता त्या थांबल्या.

"मग 'पुष्कळदा नसायचे' असं लिहितो."

"लिवा."

"पण मग कोणत्या रात्री नव्हते ते सांगावं लागेल. न सांगितलेल्या रात्रींचा दाणा पुन्हा आपोआप धरेल. आणि असा अर्धामुर्धा माणूस कार्यालय जोडत नाही."

"'हंगामात कधीच' असं लिहा ना," उज्ज्वलाताई घाईने म्हणाल्या.

"हंगाम हा कारखान्याचा शब्द आहे. बाईंनी घरातून पाहिलेलं सांगायचंय." केळुसकरांनी घड्याळाकडे बघितले नाही, एवढे ते सभ्य होते. पण खाली बियाण्यांच्या दुकानाचे शटर ओढल्याचा आवाज आला, आणि आपलेही बंद व्हायची वेळ झाली हे सगळ्यांना कळले.

"पोरी?" रत्नाक्कांनी हळूच विचारले. "माझ्या दोन पोरी हायत."

"मुलींची नोंद दुसऱ्या खात्यात आहे. त्यांना काही होणार नाही."

अण्णाप्पा आपल्या मऊ अंगठ्याकडे बघत बसले होते. ते म्हणाले, "राहू दे, रत्ना. न्हवतो मी कारखान्यात, तर न्हवतो. काय बिघडलं? घरात तर हुतो न्हवं थोडा."

"थोडा!" रत्नाक्का म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितले. सकाळी पाकाचा थेंब धरून उभा राहिलेला हा माणूस त्यांनी पाहिला होता. त्यांनी त्याच्याशी जन्मभर भांडण केले होते, पण ते भांडण पॅनशी होते, आणि पॅन काढून घेतल्यावर भांडायला समोर फारसे कुणी उरलेच नव्हते. उज्ज्वलाताईंना त्यांचा चेहरा बघवेना. आपण एकदा, एका ओळीत, 'अण्णाप्पांनी' असे लिहिले असते तर काय बोटे झडली असती का, असे त्यांना वाटले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"ठेवा त्यो शब्द," रत्नाक्का म्हणाल्या.

"नक्की?"

"एवढं राबलाय, ते त्याचं त्याला तरी म्हाईत असू दे."

केळुसकरांनी बटण दाबले.

अण्णाप्पांनी हात झटकला. अंगठ्यावर एक घट्टा आला, मग दुसरा, मग बोटाच्या पेरावर भाजल्याची जुनी पांढरी रेघ. ते खुर्चीत ताठ झाले आणि उज्ज्वलाताईंकडे वळले.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमी मला एकदा दाणा बारीक हाय म्हणाला हुतासा. बारीक न्हवता त्यो. तुमच्या काचेवर वाफ हुती."

"बारीकच होता," उज्ज्वलाताई डोळे पुसत म्हणाल्या.

"वाफ हुती."

परतीच्या एसटीत अण्णाप्पा थांबेचनात. एक नंबरचा पॅन कसा लहरी होता, वाफ कमी पडली की त्याची मनधरणी कशी करावी लागायची, दाणा धरायच्या आधी पाक कसा एकदम गप्प होतो, आणि त्या गप्प होण्याची वाट बघत पहाटे किती जण जिन्यावर उभे राहायचे. रत्नाक्का खिडकीकडच्या बाकावरून त्यांच्याकडे वळून ऐकत होत्या. नवऱ्याची रात्रपाळी त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, आणि मधे मधे विचारत होत्या, "असं? मग?" अण्णाप्पा सांगत होते. गाव आले तेव्हा कंडक्टरला त्यांना हाक मारावी लागली.

चहा घेतल्याशिवाय रत्नाक्कांनी उज्ज्वलाताईंना सोडले नाही. घरात दिवे लागले होते. बाहेरच्या सोप्यातल्या पलंगावर, जिथे रात्रपाळी करून आल्यावर ते दिवसा झोपत, तिथे अण्णाप्पा सवयीने टेकले; उशी कुठे असते तेही त्यांना माहीत होते. चहा संपला. बाहेर पूर्ण अंधार पडला तसे ते अस्वस्थ झाले. उठून दाराकडे गेले, डब्याची पिशवी अडकवायचा खिळा बघितला, आणि पुन्हा आत आले. मग ते मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले, पाहुणा उभा राहतो तसे.

"रत्ना," ते दबक्या आवाजात म्हणाले, "रात्री मी कुठं झोपायचं?"

रत्नाक्का हातातली कपबशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आठवायचा प्रयत्न करताना कपाळाला आठ्या पडतात तशा त्यांच्या पडल्या, आणि मग त्यांनी तो प्रयत्न सोडून दिला. कपबशी खाली ठेवून त्या आत गेल्या. ट्रंकेतून एक कोरी वाकळ काढली, झटकली आणि स्वतःच्या अंथरुणाशेजारी अंथरली. उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांनी बघितले आणि नव्या नवरीसारखा डोक्यावरचा पदर सावरला.

"या," त्या म्हणाल्या. "भिंतीकडनं मी असते."